चार गिअर मागे, एक पुढे

लेथखालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा कीस साचतो, तशा या गोष्टी साचतात. रोज चिमूटभर पडतो, कुणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस ट्रे ओढायला जावं तर हलत नाही. बापूच्या गाडीचा ट्रे आमच्याकडे गेली आठ वर्षं तसाच भरून पडलाय.

आधीच सांगून ठेवतो, पुढे येणारं अक्षर न् अक्षर खरं आहे. खंडेनवमीला पूजलेल्या पान्याची शपथ. इंजिन देहूरोडहून चिखलीला बैलगाडीतून आलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. गेल्या दिवाळीत फराळाला बसल्यावर मी ते ट्रॅक्टरमधून आलं असं सांगितलं होतं, तेही खरं. आणि त्या दिवशी मी साताऱ्याला गावी होतो, हेही खरंच. एवढ्याशा गोष्टीवरून कुरकुर करणाऱ्यांनी दुसरीकडे जाऊन बसावं. एकच गोष्ट यात खोटी आहे. ती शेवटी सांगेन.

आम्ही चौघे एकाच कंपनीत. मी आणि सदू कांबळे टूलरूममध्ये फिटर. जोशी ड्रॉइंग ऑफिसात. तो पुण्याहून यायचा आणि डब्यातली पोळीसुद्धा स्केल लावून मोडायचा. आणि बापू मेंटेनन्सला. बापू मूळ चिखलीचा. आधी त्याची बरीचशी जमीन कंपनीत गेली, मग पाठोपाठ बापू गेला.

* * *

गाडी बापूला मिळाली ती म्हशीमुळे.

कंपनीत मशिनं बसवायला एक परदेशी साहेब आला होता. येताना बोटीतून स्वतःची लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. दोन माणसांची, बिनटपाची, आणि इतकी बुटकी की आत बसलं की चटईवर बसल्यासारखं वाटायचं. पहिल्याच उन्हाळ्यात साहेबाचं पोट बिघडलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, पोट काही ऐकेना. शेवटी बापूने घरून ताक आणून द्यायला सुरुवात केली. महिनाभर बापूच्या बायकोच्या, हिरावहिनींच्या, म्हशीचं ताक पिऊन साहेब असा ठणठणीत झाला की ऑइल न बघताच गाडी घेऊन आळंदीपर्यंत गेला. इंजिन जाम.

महिन्याभरात साहेबाची परतीची वेळ झाली. जाम झालेली गाडी बोटीत कोण घालणार? त्याने किल्ली बापूच्या हातात ठेवली आणि ताकाच्या लोट्याकडे बोट दाखवून हात जोडले.

बैल लावून गाडी ओढत चिखलीला आणली. गोठा रिकामा करून आत घातली आणि म्हैस बाहेर लिंबाखाली बांधली. हिरावहिनींनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या सायबाला आख्खी गाडी न्हाई परवडली व्हय?"

* * *

जुनं इंजिन दुरुस्त होण्यातलं नव्हतं. त्याचे पार्ट सात समुद्रापलीकडे. तेव्हा बापूने ठरवलं की नवीनच टाकायचं, आणि टाकायचं तर दांडगं.

देहूरोडला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव असायचा. तिथे एका मोठ्या स्टाफ कारचं सहा सिलिंडरचं इंजिन आलंय, ही बातमी सदूने आणली. पण तिथे सुटी वस्तू मिळत नसे. सगळा ढीग घ्यायचा. या ढिगात एक इंजिन, तीस तंबूंचे खुंटे आणि एक पितळी बिगुल.

"खुंटे कशाला?" हिरावहिनी.

"इंजनाबरोबर येत्यात," बापू म्हणाला.

"आन् ह्यो भोंगा?"

"ह्यो हॉर्न."

वहिनींनी एक खुंटा उचलला, लिंबाखाली ठोकला आणि म्हैस त्याला बांधली. मग इंजिनाशी आल्या, हाताची वीत पसरून ते मोजलं, गाडीचं बॉनेट उघडून आतली जागा मोजली आणि स्वैपाकाला जाता जाता सांगून गेल्या, "दीड वीत जास्त हाय."

जोशी हसला. आम्ही टूलरूमची माणसं, केसाचा दहावा भाग मोजणारी. जोशीने व्हर्नियर आणला, ड्रॉइंगबोर्ड आणला, गाडीचं वरून, पुढून आणि बाजूने ड्रॉइंग काढलं. आम्हाला सुट्टी गुरुवारी. असे दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी त्याने चष्मा पुसून निकाल दिला, "इंजिन तीनशे बेचाळीस पूर्णांक सहा मिलिमीटर जास्त आहे."

वहिनींनी परत वीत पसरून त्याच्या स्केलवर ठेवली. एक वीत आणि वर अर्धी.

"मंग मी काय येगळं म्हनले हुते?"

इंजिन कापता येत नाही, म्हणून गाडी कापली. मधला पत्रा मागे सरकवला, त्यामुळे सीट मागे सरकल्या, आणि सरकता सरकता थेट मागच्या दिव्यांना टेकल्या. चालवायला बसलं की समोर मैलभर बॉनेट. रस्ता असला तर त्याच्या पलीकडे कुठेतरी.

"पुढचं काही दिसत नाही, राव," सदू म्हणाला.

"मागचं दिसतंय न्हवं?" बापू म्हणाला. तेव्हा आम्ही हसलो होतो.

* * *

इंजिन उचलायला चेन-पुली पाहिजे. ती कंपनीत होती, पण गेटवर वॉचमनही होता.

बापूच्या विहिरीवर मोटेचं चाक पडून होतं. विजेचा पंप येऊन दोन वर्षं झाली होती, मोट गेली होती, बैल मात्र होते. चाक गोठ्याच्या आढ्याला टांगलं. त्यावरून दोर घेतला, एक टोक इंजिनाला आणि दुसरं बैलांना. बापूने चुचकारलं. बैल चालू लागले आणि इंजिन असं अलगद वर गेलं की जोशीने टाळ्या वाजवल्या.

वीस पावलं झाली. बैल थांबले. आणि न सांगता, न बोलावता, पाठीमागे चालू लागले.

पंप आला होता तो विहिरीवर. बैलांच्या डोक्यातून मोट गेली नव्हती. वीस पावलं खाली जायचं, मोट रिकामी होऊ द्यायची, वीस पावलं मागे यायचं. जन्मभर तेच केलेलं. इंजिन सावकाश खाली आलं, जमिनीला टेकलं. बैलांनी श्वास घेतला आणि परत निघाले. इंजिन वर.

"थांबव की, बापू!"

"मोट भरल्याबिगर न्हाई थांबायची ती."

चार वेळा इंजिन वर गेलं, चार वेळा खाली आलं. पाचव्या खेपेला इंजिन वर असताना आम्ही गाडी त्याच्याखाली ढकलली, सदू गाडीखाली उताणा पडला आणि म्हणाला, "येऊ दे." इंजिन खाली येता येता त्याने नुसत्या बोटांच्या अंदाजाने चारही बोल्ट भोकात घातले. आमच्यात त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. हे मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो.

बैलांनी त्यानंतर आणखी दोन फेऱ्या केल्या. दोरात गाडीसुद्धा उचलली गेली.

* * *

पावसाळा सरत आला तेव्हा कळलं की म्हैस गाभण आहे आणि दिवाळीच्या आधी वियेल.

हिरावहिनींनी आम्हा चौघांना ओळीने बसवलं. "गाडी कुनाच्या ताकावर मिळाली? तिच्या. आन् भाईर कोन भिजतंय? ती. दसऱ्याला गाडी आपल्या पायानं शिलंगणाला जाऊन येऊ दे. मंग तिला मी सोता पत्र्याचं छप्पर घालून देते. न्हाई गेली, तर भंगारवाल्याला सांगून ठिवलंय. त्यो दसऱ्याला हातगाडी घिऊनच येनार हाय."

आम्ही बापूकडे पाहिलं. बापू म्हशीकडे पाहत होता. घरात त्याचं त्या दोघींपुढे कधी चाललं नव्हतं.

पंचवीस दिवस हातात. आता गुरुवारवर भागणार नव्हतं. मी आणि सदू वेगवेगळ्या शिफ्टला होतो, बापू आणि जोशी जनरलला. म्हणून कंपनीसारखीच पद्धत लावली. रोज एकाची पाळी आणि गोठ्यातल्या खिळ्याला एक रजिस्टर. काय केलं ते लिहायचं, खाली नाव टाकायचं. ज्याची हजेरी पुरी भरेल, तो दसऱ्याला बापूशेजारच्या सीटवर बसणार. सीट दोनच होत्या, त्यामुळे ही फार मोठी गोष्ट होती. माझ्या पहिल्या आठवड्यातच दोन पाळ्या बुडाल्या. सदूची एकही नाही. त्याने पोरीला सांगून ठेवलं होतं की तुझा बाप लाल गाडीत बसून रस्त्याने जाताना दिसेल, दसऱ्याला बघायला ये.

रजिस्टर मी अजून जपून ठेवलंय. त्यातल्या नोंदी अशा:

"कार्ब्युरेटर अर्धा फेरा आवळला. जोशी."

"कार्ब्युरेटर कोणीतरी फार आवळला होता. अर्धा फेरा सैल केला. कांबळे."

"कार्ब्युरेटर फार सैल आढळला. अर्धा फेरा आवळला. जोशी."

असं अकरा दिवस. बाराव्या दिवशी त्याखाली चौथी पास अक्षरात एक नोंद आहे:

"म्हशीला आज पाऊस लागला. हिरा."

त्या दिवसापासून कार्ब्युरेटरला कुणी हात लावला नाही.

* * *

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ते सायलेन्सर न बसवताच. जोशीचं ड्रॉइंग अजून पुरं व्हायचं होतं.

तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही. गोठ्याची कौलं हलली. लिंबावरचे कावळे उठले ते बहुतेक मोशीला जाऊन बसले. म्हैस तेवढी रवंथ करत राहिली, कारण तिने या माणसांकडून कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती.

पाचेक मिनिटांनी इंजिन बंद केलं. बाहेर आलो तर गोठ्यापुढे सात-आठ माणसं रांगेत उभी. प्रत्येकाच्या हातात डबा.

"काय झालं?" बापूने विचारलं.

पुढची म्हातारी डबा सरकवत म्हणाली, "गिरण चालू केलीस म्हनं. माझी जवारी बारीक काढ, बाबा. दात न्हाईत."

जोशी दोन दिवस मनातल्या मनात पट्टा कुठे लावता येईल याचा हिशेब करत होता.

* * *

अष्टमीला मागच्या एक्सलचं काम राहिलं होतं. त्यात एक मोठं दातेरी चाक असतं, त्याला क्राऊन म्हणतात. इंजिनाची ताकद त्याच्यातूनच मागच्या चाकांना जाते. ते काढायचं, साफ करायचं, परत बसवायचं. पाळी सदूची. रजिस्टरात नोंद आहे: "क्राऊन साफ करून बसवला. एक्सल पूर्ण. कांबळे."

दुसरा दिवस खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. कंपनीत लेथला झेंडूच्या माळा, आणि गोठ्यात पाटावर मांडलेले आमचे पाने, हातोड्या, जॅक. एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.

जोशी म्हणाला, "बापू, एकदा चाकं फिरवून बघितली असती."

"जॅक पाटावर हाय."

"दोन मिनिटांचं काम."

"जॅकला कुकू लावलंय, जोशी."

गाडी न तपासता दसरा उजाडला.

* * *

दसऱ्याला सकाळी निम्मी चिखली बापूच्या दारात. भंगारवाला कपाळाला टिळा लावून, हातगाडीवर बसून, शेजारच्यांनी दिलेला चहा पीत होता. लिंबाखाली म्हैस, पोट जमिनीला टेकलेलं. सदू पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता. त्यांच्या वस्तीत त्या दिवशी बुद्धवंदना असते, ती आटोपून तो पोरीला घेऊन सायकलवर आला. पोर रस्त्याच्या कडेला जागा धरून उभी राहिली.

गाडीचं तोंड दाराकडे होतं. बापू बसला, शेजारी सदू. इंजिन सुरू झालं. आता सायलेन्सर होता. बापूने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी पाठीमागे गेली आणि गव्हाणीत बसली.

"रिव्हर्स पडला," बापू म्हणाला. परत टाकला. परत गव्हाण.

जोशी खाली वाकला, चाकांकडे पाहिलं आणि उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "क्राऊन उलट्या बाजूला बसलाय. आता हिला चार गिअर मागे आहेत आणि एक पुढे."

"त्या एकावर जाऊ."

"तो रिव्हर्स आहे. बैलाच्या चालीने जाईल आणि वेशीपर्यंत पाणी उकळेल."

भंगारवाल्याने चहाची बशी खाली ठेवली.

बापूने खिळ्यावरचं रजिस्टर काढलं. अष्टमीचं पान उघडून सदूपुढे धरलं. सदूने ते वाचलं. मग मान वर करून एकदा इकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाव माझंच आहे."

"उतर खाली," बापू म्हणाला.

सदू उतरला. पांढऱ्या शर्टाला कुठे डाग लागलाय का ते बघत बाजूला उभा राहिला. बापूने मला हाक मारली, "गणपत, तू बस. भोंगा घे."

मी बसलो.

मग बापूने हुकूम सोडला. बारा माणसांनी गाडी उचलून जागच्या जागी फिरवली. शेपूट दाराकडे, तोंड गव्हाणीकडे. बापू सीटवर उलटा वळून, सीटच्या पाठीवर हात टाकून बसला, आणि तेव्हा आम्हा सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. सीट मागच्या दिव्यांना टेकलेल्या होत्या. पुढचं काही दिसत नाही म्हणून ज्या गाडीला इतके दिवस नावं ठेवली, तिच्यातून मागचा रस्ता आरशासारखा स्वच्छ दिसत होता.

बापूने पहिला टाकला. गाडी गोठ्याबाहेर. दुसरा. चावडी. तिसऱ्याला मी बिगुल फुंकला, आणि आम्ही गावाकडे तोंड करून, गावाचा निरोप घेत घेत, उलटे, सुसाट शिलंगणाला निघालो. मागून, म्हणजे पुढून, सगळं गाव धावत होतं. सहा सिलिंडरची ताकद काय असते ते त्या दिवशी कळलं. कडेला सदूची पोर उभी होती. ती बापाला शोधत होती. मी बिगुल फुंकला.

वेशीपाशी हवालदार आडवा आला. गाडीभोवती फिरून, दोन्ही टोकं बघून त्याने विचारलं, "उलटी का चालवतोस?"

"मी सरळच बघतोय, सायेब," बापू म्हणाला. "गाडी बघत न्हाई."

हवालदाराने विचार केला आणि हातातली आपट्याची दोन पानं बापूला दिली. दसराच होता.

परतही तसेच आलो, शेपूट पुढे करून. दारात हिरावहिनी ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. कुंकू कुठे लावावं, यावर क्षणभर थांबल्या. मग मागच्या नंबरप्लेटला लावलं. "जिकडनं येती तिकडं तोंड," म्हणाल्या. भंगारवाल्याच्या हातावर त्यांनी आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या, आन् या आता."

संध्याकाळी म्हैस आत गेली. चौथ्या दिवशी व्याली. गाडीला छप्पर मिळालं. क्राऊन आम्ही पुढच्या गुरुवारी सरळ करणार होतो, पण वहिनींनी करू दिला नाही. "चालतीया न्हवं? मंग हात लावू नगा." गाडी अजून तशीच चालते. चिखलीत नवीन आलेली माणसं तेवढी रस्त्यात थांबून बघतात.

सदूला कंपनीत त्या दिवसापासून नाव पडलं, रिव्हर्स कांबळे. कॅन्टीनमध्ये तो आला की पोरं रांगेत चार पावलं मागे चालून दाखवायची. तो हसायचा. आठ वर्षं हसतोय.

* * *

गेल्या महिन्यात सदूच्या पोरीचं लग्न ठरलं. तीच, रस्त्याच्या कडेला उभी होती ती. सदूने कॅन्टीनमध्ये, चहाच्या टेबलावर, सगळ्यांना पत्रिका वाटल्या. माझ्या पाकिटावर त्याच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "श्री. गणपत शेलार, क्राऊन फिटर, सहकुटुंब सहपरिवार."

बापूने माझ्या हातातून पाकीट घेतलं, लांब धरून वाचलं, उलटं करून पाहिलं. "क्राऊन फिटर? ह्ये काय नवीन?"

सदू बशीत चहा ओतत होता. "नवीन नाही. जुनं पद आहे त्याचं."

बापू माझ्याकडे पाहत राहिला. मी चहा प्यालो. चहा संपला तरी पीत राहिलो.

म्हणून आता सांगून टाकतो. बैल खरे, बिगुल खरा, जवारीवाली म्हातारी खरी, हवालदार शंभर टक्के खरा. अष्टमीला सदूच्या पोरीला ताप होता. तिच्या उशाशी तो पिंपरीत रात्रभर बसून होता. त्याची हजेरी बुडू नये, लाल गाडीतली सीट जाऊ नये, म्हणून रजिस्टरात त्याचं नाव घातलं गेलं. तो त्या दिवशी गोठ्यात होता, तेवढं खोटं.